दुसरी साखळी

“तुमच्या हाताला गुण नाही हो, नाजिमाबाई,” असं म्हणून परचुरेसरांनी पुढची स्लाइड लावली. एवढंच. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. भाजीत मीठ कमी पडलंय हे पाहुण्यांसमोर सांगावं, तसं सांगितलं. टेबलाभोवती कुणीतरी हसलं, कुणीतरी हसू गिळलं, आणि एसीचा गार झोत मघापासून नाजिमाच्या मानेवर येत होता तो तसाच येत राहिला. स्लाइड बदलली तरी तिला आधीचाच फोटो दिसत होता. तिच्याच नळ्या, तिनंच काढलेला फोटो. प्रथिन नीट तयार झालं असतं तर पाण्यात विरघळून गेलं असतं, नळी स्वच्छ दिसली असती. ते गोळा होऊन तळाशी बसलं होतं. पांढरा साका. प्रथिन बनवणारे बॅक्टेरिया तेच, तापमान बदलून पाहिलं, मीठ बदलून पाहिलं, दर वेळी साका. आणि आता कारण सापडलं होतं: तिचा हात. तिनं तो हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. उगाचच घेतला, आणि घेतला याचाही तिला राग आला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची कुठूनच कुठे जात नव्हती, जिथल्या तिथे जळत होती.

परचुरेसरांचा सेमिनार दर गुरुवारी दुपारी. विषय, संगणकावर प्रथिनं कशी रचावीत. सर बरीच वर्षं अमेरिकेत काढून पुण्याला परतले ते दोन हट्ट घेऊन. पहिला, सेमिनारात कुणी चहा आणायचा नाही. दुसरा, सेमिनार मराठीतून चालायचा. चेन म्हणायचं नाही, साखळी म्हणायचं. अमायनो आम्लांना मणी. साखळी स्वतःभोवती गुंडाळून बसते, ती घडी. हुबळीहून आलेला एक कानडी मुलगाही बिचारा ‘घडी’, ‘मणी’ करत असायचा. काही मणी तेलकट, त्यांना पाण्याचा तिटकारा, ते घडीच्या पोटात दडून बसतात. काही पाण्याचे लोभी, ते बाहेर राहतात. कुठल्या जागी कुठला मणी बसवला की घडी अधिक पक्की होईल, हे संगणक हजारो मणी आलटून पालटून बघतो आणि सांगतो. निसर्गाला हे करायला युगं लागली, सर म्हणायचे, आम्हाला शनिवार-रविवार पुरतो. नाजिमाला हे ऐकताना अंगावर काटा यायचा. सुरुवातीला ती गुरुवारची वाट बघायची. सरांच्या बोलण्यातली ती पुणेरी चिमटी, तो कोरडेपणासुद्धा तिला आवडायचा, जोवर ती चिमटी दुसऱ्याला बसत होती तोवर. हे आता आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

टेबलाभोवती दोन जाती होत्या, हे मात्र मराठीत कुणी म्हणत नव्हतं. पडदेवाले आणि नळीवाले. पडदेवाले प्रथिन रचायचे, नळीवाले ते करून दाखवायचे. काम जमलं की रचना सुंदर. फसलं की हात वाईट. चेतन पडदेवाला. हिंजवडीच्या एका कंपनीत तीन वर्षं कोड लिहून, कंपनीच्या बसमध्ये बसून मान आखडल्यावर तो नोकरी सोडून इथे आला होता. हुशार, बोलका, कुणालाही आवडेल असा. फळांवर फवारलेलं कीटकनाशक मोडून टाकणारं एक प्रथिन आहे. ते उन्हाळ्याच्या उष्णतेतही टिकावं म्हणून त्याचे मणी बदलायचे, ही त्याची रचना. ते प्रत्यक्ष तयार करायचं, हे नाजिमाचं काम. आणि पुढच्या गुरुवारी नाजिमाची समिती होती. समितीनं हो म्हटलं तर पीएचडीची नोंदणी, नाही म्हटलं तर वर्षाचा दाखला आणि नमस्कार. समितीसमोर सर तिच्याबद्दल काय बोलणार, ते तिला आत्ताच, सगळ्यांदेखत कळलं होतं.

पण ती बोलली होती. हेच तिला सहन होत नव्हतं. पावसाळ्यात, याच खोलीत, याच खुर्चीवरून ती बोलली होती. चेतननं आपली रचना पडद्यावर फिरवून दाखवली, सगळे वा म्हणाले, आणि तिला काहीतरी खुपलं. हे प्रथिन एकटं कधी राहतच नाही. दोन सारख्या साखळ्या एकमेकींना अंग टेकून राहतात, आणि टेकतात त्या जागी दोघींचे तेलकट मणी समोरासमोर असतात, पाण्यापासून लपलेले. पडद्यावर एकच साखळी होती. चेतननं दुसरी काढून टाकली होती. का, तर एकीचं गणित लवकर होतं आणि संगणकांच्या खोलीत, जिला सगळे गोठा म्हणायचे, तिथे कायम रांग असायची. आता संगणकाला काय कळणार जोडी होती म्हणून? त्याला दिसले तेलकट मणी उघडे पडलेले. त्यानं इमानदारीत ते उपटले आणि जागोजागी पाण्याचे लोभी मणी बसवले, तेही सगळे एकाच विद्युतभाराचे. एकटी साखळी कशी नीटनेटकी दिसत होती! तिची जोडीदारीण आली असती तर मात्र दोघी एकमेकींना ढकलत राहिल्या असत्या. नाजिमा म्हणाली होती, “सर, दुसरी साखळी काढून टाकली आहे. तिच्याशिवाय हे प्रथिन उभंच राहत नाही.” आणि सर खुर्चीत मागे रेलून कौतुकानं म्हणाले होते, “वा! मराठी किती स्वच्छ आहे हो तुमचं. घरी कुणी बोलतं का?”

साखळी हा शब्द त्या खोलीत रोज पन्नास वेळा उच्चारला जात होता. सरांचाच शब्द. चेतन म्हणायचा, कानडी मुलगा म्हणायचा, कौतुक कुणाचं झालं नाही. तिचंच झालं, आणि त्या कौतुकाच्या गडबडीत दुसरी साखळी राहून गेली. ती “हो, म्हणजे, आम्ही इथलेच” असं काहीतरी पुटपुटली आणि खाली बसली. आणखी लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच होती. ती खूश झाली होती. बिबवेवाडीपर्यंत बसमध्ये ती खूश होती, आणि रात्री ताटावर बसल्यावर तिनं अब्बांना सांगितलंसुद्धा, की सर म्हणाले माझं मराठी फार स्वच्छ आहे. अब्बा, म्हणजे करीम बागवान, मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यावर बसणारा माणूस. त्यांचे वडील मंडईत बसायचे, वडिलांचे वडील पाटीवर पेरू विकायचे, इथेच, पुण्यात. अब्बांनी घास खाली ठेवला नाही की काही नाही. फक्त म्हणाले, “बरं वाटलं का तुला ते ऐकून?” ती हो म्हणाली. ते पुढे काही बोलले नाहीत, आणि तिलाही तेव्हा त्या न बोलण्यात काही दिसलं नाही.

सेमिनार संपला. ती कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर जाऊन बसली. चेतन दोन चहा घेऊन मागोमाग आला, तेव्हाच तिनं ओळखलं, याला काहीतरी माहीत आहे.

“सॉरी यार. सर काहीही बोलतात, तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“साका कशामुळे येतोय, चेतन?”

तो चहात बघत राहिला. “मला माहितीये गं. म्हणजे मागच्या महिन्यात लक्षात आलं. मी दुसरी चेन परत टाकून बघितली, स्कोअर पार बोंबलला. एकदम क्लॅश.”

“मागच्या महिन्यात?”

“हळू बोल ना. हे बघ, पेपर गेलाय ऑलरेडी. सरांचं आणि माझं नाव आहे. आता मी सांगितलं तर सर मला उभा चिरतील. आणि कंपनीवाले येणारेत, त्यांना हेच डिझाइन दाखवायचंय. पुढच्या पेपरात तुझं नाव मी टाकतो, आय प्रॉमिस. तुझ्या नोंदणीचं पण होईल काहीतरी, सर तसे मनानं वाईट नाहीत. फक्त आपल्या दोघांतच ठेव. प्लीज.”

आपल्या दोघांतच. हे शब्द ऐकले आणि तिच्या नाकात एकदम पेंढ्याचा वास भरला, आंब्याच्या पेट्यांतल्या पेंढ्याचा. लहानपणी सुट्टीत ती अब्बांबरोबर यार्डात जायची. तिथे भाव तोंडानं बोलायचे नाहीत. अब्बा हात पुढे करायचे, गिऱ्हाईक हात पुढे करायचं, वर रुमाल टाकायचे, आणि रुमालाखाली बोटं बोटांशी बोलायची. याला हत्ता म्हणतात. वर दोघांचे चेहरे कोरे, बोलणं हवापाण्याचं, मुलीच्या लग्नाचं. खाली बोटं दाबली जातायत, आखडतायत, पुन्हा दाबली जातायत. भोवती माणसं उभी, पण भाव त्या दोघांनाच ठाऊक. एकदा तिनं हट्ट केला म्हणून अब्बांनी तिचा हात रुमालाखाली घेतला होता. गरम, ओलसर अंधार होता तिथे, आणि अब्बांची बोटं ओळखू येत नव्हती इतकी निराळी झाली होती. पुढे पुस्तकात दोन साखळ्यांची ती लपलेली जागा पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला चटकन कळली ती यामुळेच. एक हात काढून घेतला तर उरलेला हात हवेत बोटं वाकडी करून उभा राहील, आणि येणारा-जाणारा म्हणेल, काय हे, सरळ करा बोटं. पण हत्त्यातही एक होतं. माल उघडा असायचा. आंबा नासका निघाला तर अब्बा पेटी परत घ्यायचे आणि चार माणसांत नासका म्हणायचे. चेतनच्या रुमालाखाली मालच लपवलेला होता, आणि त्या सौद्यात विकली जात होती ती.

“तू मला परचुरेंसमोर नासवलंस,” ती म्हणाली.

“ड्रामा नको ना करू,” चेतन म्हणाला. तिनं चहा कट्ट्यावर तसाच ठेवला आणि निघाली.

बस स्वारगेटपर्यंत यायला एक जन्म गेला. सिग्नलला हिंजवडीहून परतणाऱ्या कंपन्यांच्या बसेस आडव्या लागल्या होत्या, काळ्या काचांच्या, आत निळसर दिवे आणि मागे टेकलेल्या माना. त्यातल्याच एखाद्या बसमध्ये नबील असेल, तिचा धाकटा भाऊ. तिच्या दुप्पट मिळवणारा. या शहरात आता ज्याच्या त्याच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी होती, आणि पट्टी असली की माणसाचा हात कसा आहे हे कुणी विचारत नव्हतं. तिला सगळ्यांचाच राग येत होता. चेतनचा, सरांचा, त्या हसणाऱ्याचा, पुढच्या सीटवर मोबाइलवर जोरात बोलणाऱ्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त त्या मुलीचा, जी पावसाळ्यात याच बसमधून कौतुक घेऊन घरी गेली होती. गुण नाही म्हणे. औषधाला गुण असतो, माणसाच्या पायाला गुण असतो, सुनेच्या पायाला तर असतोच असतो. विज्ञानाच्या सेमिनारात, अमेरिकेतून परतलेल्या माणसाच्या तोंडून निघाला तो शब्द. साका कशामुळे आला हे विचारायलाच नको. हाताला गुण नाही म्हटलं की विचार करायचं कामच संपलं. आणि हा हात कुणाचा, बागवानाच्या मुलीचा, हे त्यात होतं की नव्हतं? नसेलही. हेच तर त्यांचं कसब. असं बोलायचं की ऐकणाऱ्यानं आयुष्यभर ठरवत बसावं, होतं की नव्हतं.

घरी अम्मी पोळ्या लाटत होती आणि नबील पाय पसरून टीव्हीसमोर बसला होता. तिनं बॅग टाकताच त्यानं ओळखलं. “छोड ना आपा. आमच्याकडे टेस्टिंगला माणसं घेतायत. बॉसला बोलू का? एसी, पिकअप, ड्रॉप. कोण तो परचुरे?” नसीम, म्हणजे अम्मी, लाटणं न थांबवता म्हणाली, “तिला जेवू दे आधी.” नाजिमानं सगळं सांगितलं. साखळी, साका, हात, चेतनची प्लीज. अम्मीला निम्मं कळलं नसेल, पण तिचं लाटणं मध्येच थांबलं. अब्बा ऐकत होते.

“तू बोलली होतीस ना तेव्हाच?” त्यांनी विचारलं.

“बोलले होते. ते माझं मराठी ऐकत बसले.”

“हां,” अब्बा म्हणाले. त्यांना तो दिवस आठवत होता, हे तिला त्या एका अक्षरावरून कळलं. “मग आता परत बोल. आणि कौतुक करायला लागले तर थांबव. मला त्या दिवशी हेच म्हणायचं होतं, पण तू खूश होतीस.”

आठवडाभर ती गोठ्यात बसली. तिथल्या पंख्यांचा आवाज डोक्यात शिरून राहायचा, घरी उशीवरही ऐकू यायचा. पडदेवाल्यांच्या खोलीत नळीवाली काय करतेय म्हणून कुणीकुणी डोकावून गेलं. करायचं काही फार नव्हतंच. चेतनच्या फाइलीत दुसरी साखळी परत ठेवायची आणि दोघींना जवळ आणायचं. तिनं आणलं. मूळ प्रथिनात जिथे दोघी अंगाला अंग लावून बसल्या होत्या, तिथे चेतनच्या रचनेत सारखा भार पडद्यावर लाल दिसत होता, आणि लालला लाल भिडला होता, रांगच्या रांग. ती पडद्यावर ते चित्र फिरवून फिरवून बघत राहिली. महिनोन्‌महिने ती नळीत मीठ कमी-जास्त करत होती, गार खोलीत कुडकुडत उभी राहत होती, हातमोज्यातली पावडर नखांत जाऊन कातडी सोलली होती. आणि हे इथे बसलं होतं, लाल, उघडं, कुणीही बघावं असं. एकानं महिन्यापूर्वी बघितलंही होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. शुक्रवारी राग होता, रविवारी होता, बुधवारी दात घासतानाही होता, आणि तिला हळूहळू त्याची सवय होत होती, नव्या चपलेची होते तशी.

गुरुवारी समितीला विद्यापीठातून सोनवणेबाई आल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, दमलेला चेहरा, पर्समधून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकणाऱ्या. चेतन आणि बाकीचे नेहमीच्या जागी. सरांनी ओळख करून दिली, “ह्या नाजिमाबाई. कष्टाळू आहेत. हात अजून बसायचाय.” नाजिमा उठून पडद्यापाशी गेली. नळ्यांचा फोटो तिनं लावलाच नाही. एकटी साखळी लावली.

“सर, ही चेतनची रचना. दुसरी साखळी काढून टाकली आहे. तिच्याशिवाय हे प्रथिन उभंच राहत नाही.”

पावसाळ्यातलंच वाक्य, शब्दाला शब्द. ते तिनं मुद्दाम पाठ केलं नव्हतं, ते तिच्याकडे होतंच. सरांना ते आठवलं की नाही, कोण जाणे. ते सोनवणेबाईंकडे वळून हसले. “बघा, ऐकताय ना? मी म्हणत होतो ते हेच. ह्यांचं मराठी इतकं—”

“मराठी राहू द्या, सर,” नाजिमा म्हणाली. “मराठी माझंच आहे, ते कुठे जात नाही. दुसरी साखळी कुठे गेली ते सांगा.”

तिनं दुसरी साखळी पडद्यावर आणली, पहिलीजवळ नेली. लाल लालला भिडला. सोनवणेबाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि खुर्चीतून पुढे वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

“ही जोडी बसणारच नाही,” त्या म्हणाल्या. “साकाच होणार. कुणीही केलं तरी साका. ही फाइल कुणी तयार केली?”

नाजिमानं चेतनकडे बघितलं. तो त्याच्या बुटाच्या नाडीकडे बघत होता. एवढा एक हात वर व्हायला हवा होता, खांद्यापर्यंत आला असता तरी पुरे होतं. तिला वाटलं, करेल. खरंच वाटलं, आणि वाटलं म्हणून पुढे कितीतरी दिवस ती स्वतःवर चिडत राहिली.

“आमच्या गटानंच,” सर शेवटी म्हणाले. “तांत्रिक बाब आहे. अशा गोष्टी होत असतात.”

“मग हाताचं काय?” नाजिमानं विचारलं.

“कसल्या हाताचं?”

“माझ्या. मागच्या गुरुवारी सगळ्यांसमोर म्हणालात, गुण नाही. आता सगळे आहेतच.”

सरांचे कान लाल झाले. “अहो, एवढं चिडायला काय झालं? सहज बोललो मी. तुमची नोंदणी कुणी अडवत नाहीये.” त्यांनी सोनवणेबाईंकडे बघितलं, बाईंनी मान डोलावली, आणि नोंदणी झाली. ती झाली, हे खरंच होतं. अम्मी शिरखुर्मा करणार होती, नबील खांद्यावर चापट मारणार होता. पण तिनं मागितलं होतं ते एक वाक्य होतं, आणि ते सरांच्या दातांमागेच राहिलं. सोनवणेबाई उठताना तिच्याजवळ क्षणभर थांबल्या. “चिडकी आहेस,” त्या म्हणाल्या. “राहू दे तसंच.”

ती बाहेर व्हरांड्यात आली. उन्हं उतरली होती, समोरच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस लागायला लागल्या होत्या. मागून चपळ पावलं आली, ती तिला ओळखू आली.

“अभिनंदन,” चेतन म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता. “खरंच, मनापासून. तू भारी बोललीस. मी बोलणारच होतो, पण सर एकदम—” आणि त्यानं तिच्यापुढे हात केला.

तिनं त्या हाताकडे बघितलं. स्वच्छ हात होता, नखं कापलेली, हातमोजा कधी न घातलेला.

“हा मघाशी वर करायचा होता,” ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.

तो हात थोडा वेळ तसाच उघड्यावर राहिला. मग चेतननं तो खिशात घातला.